दोन दिवस जास्त झाडावर : स्ट्रॉबेरी प्रकल्पाच्या नोंदी

10 जून 2024, सातारा

आज मदर प्लांट आले, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची सगळी रोपं करायची ती झाडं. वाईकडच्या नर्सरीतून वीस रोपं मिळाली, दहा चँडलरची आणि दहा विंटर डॉनची. चँडलर हा जुना वाण, पण लॅबमध्ये गुणी. पानाच्या तुकड्यापासून कोंब काढायचे प्रयोग जगभर तिच्यावर झालेत. विंटर डॉन शेतकऱ्यांच्या ओळखीची. चँडलरवर हात बसवायचा आणि खरं काम विंटर डॉनवर करायचं, असा बेत.

प्रस्तावात उद्दिष्ट असं आहे: 'जनुक संपादनाद्वारे स्ट्रॉबेरीचा स्वाद व ताजेपणा वाढवणे.' वाक्य सरांचं आहे, मंजुरीपुरतं ठीक. खरं काय करायचंय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. फळ पिकताना पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळत जातं आणि फळ मऊ पडतं. पेक्टिन तोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक पॉलीगॅलॅक्टुरोनेज. त्याचं जनुक एफए-पीजी-वन, ते बंद पाडायचं. स्पेनमध्ये मालागाच्या गटानं चँडलरमध्येच हे करून 2023 मध्ये छापलंय आणि त्यांची फळं जास्त टणक राहिली. म्हणजे आम्ही काही नवा शोध लावत नाही. आपल्या वाणावर, आपल्या लॅबमध्ये, आपल्या विजेवर हे जमतं का, एवढंच बघायचंय.

'स्वाद' या शब्दाचं काय करायचं हे अजून कुणीच बोललेलं नाही.

26 जून

रनरची, म्हणजे झाडाला फुटणाऱ्या आडव्या धाग्यांची, टोकं कापली, साबणाच्या पाण्यातून काढली, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं बुडवली, तीनदा धुऊन बाटल्यांत लावली. चाळीस बाटल्या. आज एकतीसमध्ये बुरशी. मातीतून आलेलं झाड, वर पावसाची हवा, व्हायचंच. एमएस्सीच्या पोरीचा चेहरा पडला. तिला म्हटलं, नऊ उरल्यात ना, एकीच्या दहा करू.

9 जुलै

दिवसभर कॉम्प्युटरसमोर, गाइड शोधत. कॅस-नाइन ही कात्री. कुठं कापायचं ते गाइड आरएनए सांगतो. त्याची वीस अक्षरं डीएनएवर जुळायला हवीत आणि त्यांच्या लगेच पुढं कुठलंही एक अक्षर आणि मग दोन 'जी' यायला हवेत. कापलेली टोकं पेशी स्वतःच जोडते. जोडताना एखादं अक्षर गळतं किंवा जास्तीचं घुसतं, पुढचं सगळं वाचन सरकतं आणि जनुक निकामी होतं. 2012 साली ही कात्री चाचणी नळीत हवी तिथं चालवून दाखवली, 2020 मध्ये शार्पेंतिए आणि डाउडना यांना नोबेल मिळालं, आणि 2024 मध्ये आम्ही ती साताऱ्यात कर्ज काढल्यासारखी जपून वापरतोय.

गोची स्ट्रॉबेरीचीच आहे. आपल्याकडं प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, हिच्याकडं आठपर्यंत. सात गुणसूत्रांचे आठ संच, एकूण 56. उत्तर अमेरिकेची एक रानटी जात आणि चिलीची एक जात अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बागांत शेजारी लावली गेली, त्यांच्या संकरातून आजची मोठी स्ट्रॉबेरी आली. दोन्ही आईबाप आधीच अष्टगुणित. म्हणजे कात्री आठ ठिकाणी चालायला हवी. सात बंद झाल्या आणि एक चालू राहिली, तर फळ थोडंफार मऊ पडणारच.

संदर्भाला 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला कॅमारोसा वाणाचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा नकाशा, घेतला. दोन गाइड निवडले. मागवले.

18 जुलै

तीन दिवस धो धो. दुपारी ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचा आमचा मोठा कुकर, 121 अंशांना पोचला आणि वीज गेली. जनरेटर फक्त ऑफिसला. लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, शिट्टी झाली न्हाई म्हणून कुकरमधला भात टाकून देतो व्हय? परत लावू की." परत लावला. पण दोनदा तापलेला मीडिया, म्हणजे रोपं वाढवायची जेली, नीट गोठेना, फाटल्या दह्यासारखा झाला. सगळा ओतून दिला. एसी बंद असल्यामुळं कल्चर रूममधल्या काही रोपांची पानं काचेसारखी पारदर्शक, फुगीर झालीत. ती आता कामाची नाहीत.

2 ऑगस्ट

चूक माझी. विंटर डॉनमधला तोच तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवला होता, आज निकाल आला. पहिल्या गाइडच्या जागी विंटर डॉनमध्ये एक अक्षर वेगळं आहे, आणि तेही कात्री बसते त्या टोकाजवळ. तिथं एक अक्षर हुकलं की कात्री बहुतेक वेळा नुसती पुढं निघून जाते. कॅमारोसाचा नकाशा घेऊन विंटर डॉनच्या गल्लीत घर शोधत होते. सिक्वेन्सिंग आधी करायला हवं होतं, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. दुसरा गाइड सुदैवानं जुळतो. पहिल्याच्या जागी नवा मागवला, तीन आठवडे गेले.

सर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

21 ऑगस्ट

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची बैठक. आतले दोघं, बाहेरचे तज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं नेमलेले सदस्य. चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही, म्हणजे बैठक चांगली झाली.

नियम तसा सुटसुटीत आहे. पर्यावरण मंत्रालयानं 30 मार्च 2022 ला काढलेल्या आदेशानुसार, झाडात बाहेरचा डीएनए उरलेला नसेल आणि बदल त्याच्या स्वतःच्याच जनुकात छोटासा असेल, तर 1989 च्या नियमांतली बीटी कापसासारख्या पिकांना लागणारी लांबलचक परवानगी लागत नाही. पण 'बाहेरचा डीएनए उरलेला नसेल' हे सिद्ध करायचं काम आमचं, आणि ते होईपर्यंत झाड बंदिस्त जागेतच ठेवायचं.

डॉक्टरांनी खाणाऱ्याला काय होईल ते विचारलं. त्याचं उत्तर सोपं होतं, फळात नवं काही घातलेलं नाही, एक एन्झाइम कमी असेल. अवघड प्रश्न दिल्लीच्या सदस्यांनी विचारला: "कात्रीचं जनुक झाडातून बाहेर काढणार कसं?"

ही खरी मेख आहे. कात्री पेशीत न्यायला आपण ॲग्रोबॅक्टेरियम वापरतो. तो जिवाणू तिचं जनुक झाडाच्या गुणसूत्रात घुसवून ठेवतो. भातात हे सोडवता येतं. बदललेल्या झाडाचं बी पेरायचं, पुढच्या पिढीत ज्या रोपांत बदल आहे पण कात्री नाही ती निवडायची, आणि वाण तोच राहतो. स्ट्रॉबेरीचं बी पेरलं की वाणच मोडतो. विंटर डॉनच्या बियांतून विंटर डॉन उगवत नाही, तिची चुलत भावंडं उगवतात. म्हणून तर रनरनं वाढवतात.

ठरलं असं. अर्ध्या प्लेटांत नेहमीसारखं कॅनामायसिन हे प्रतिजैविक घालायचं, म्हणजे जनुक घुसलेल्या पेशीच जगतील. उरलेल्या अर्ध्यांत काहीच घालायचं नाही. कात्री काही पेशींत तात्पुरती चालते, काम करते आणि गुणसूत्रात न घुसताच संपून जाते. असा कोंब शेकड्यात एखादाच सापडेल, आणि तो ओळखायला प्रत्येक कोंब तपासावा लागेल. सदस्य म्हणाले, "मेहनत आहे." मी मान हलवली.

13 सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले, आज पुन्हा लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर. पानांचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे, ॲग्रोच्या द्रावणात वीस मिनिटं, टिपून घेऊन अंधारात दोन दिवस. चँडलर आणि विंटर डॉन मिळून सहाशेच्या आसपास. पाठीचा काटा ढिला झाला. शिवाय एक वेगळा संच: त्यात पीजीऐवजी पीडीएस नावाचं जनुक कापायचंय. ते गेलं की झाडाचा हिरवा रंग जातो आणि कोंब पांढराफटक येतो. कात्री चालतेय की नाही ते डोळ्यांना दिसावं म्हणून.

4 ऑक्टोबर

विंटर डॉनचे तुकडे काळे पडतायत. कापलं की आतली फिनॉलं बाहेर येतात, पॉलीफिनॉल ऑक्सिडेज त्यांना हवेशी जुळवतं आणि कडा काळ्या होतात. वांगं कापून ठेवल्यावर होतं तेच. याच एन्झाइमाला धरून लोकांनी फळं केलीत. अमेरिकेत 2015 मध्ये परवानगी मिळालेलं न काळवंडणारं सफरचंद, जनुक दाबून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीचं. आणि ब्रिटनमधल्या ट्रॉपिक कंपनीची संपादन केलेली केळी, जिला फिलिपिन्सनं 2023 मध्ये मोकळीक दिली. आम्हाला मात्र ते एन्झाइम आत्ता फक्त शत्रू म्हणून भेटलंय. मीडियात ॲस्कॉर्बिक ॲसिड वाढवलं, तुकडे दर चार दिवसांनी हलवायचे.

3 नोव्हेंबर, तासगाव

भाऊबीज. आण्णा द्राक्षबागेतच. ऑक्टोबर छाटणी होऊन पानं फुटलीत, सकाळी दव पडतंय आणि त्यांना डावणी रोगाची धास्ती. फवारणीचं आटपल्यावर बांधावर बसलो. "तुझं ते काय चाललंय," म्हणाले, "बीटीच ना?"

नाही म्हटलं. बीटी कापसात जिवाणूचं जनुक आणून घातलंय, इथं काही आणून घालायचं नाही. तरी पटेना. मग त्यांच्याच बागेकडं बोट केलं. "हे तास-ए-गणेश आलं कुठून?" ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तासगावकडच्याच बोरगावात थॉम्पसनच्या बागेत वेगळा वेल दिसला, त्याची काडी वेगळी वाढवली, आणि त्यावर इथल्या दोन पिढ्यांच्या बागा उभ्या राहिल्या. वेल वेगळा का झाला? कुठल्यातरी डोळ्यात डीएनएची अक्षरं आपोआप बदलली. कुणी कापलं नाही, कुणाला विचारलं नाही.

"आणि टॅग चोवीस भुईमूग पेरला होता ना आपण? तो ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रानं किरणांनी जनुकं बदलून काढलेल्या जातींतून आलाय. त्यात काय काय बदललं ते कुणी मोजत नाही."

आण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपोआप झालं ते दिसल्याव निवडलं. तू आधी ठरवून कापतीस. चुकीचं ठरवलंस म्हंजी?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. परत येताना एसटीत तेच डोक्यात. आम्ही ठरवलंय की फळ टणक हवं. कुणी ठरवलं?

21 नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती. आज सकाळी ट्रे काढले तर पीडीएसच्या संचात चँडलरच्या दोन तुकड्यांवर पांढरे कोंब! दुधासारखे. तिसऱ्यावर अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं. मामांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "ह्ये तर कोड फुटल्यागत दिसतंय." विंटर डॉनमध्ये एकच पट्टेरी. पण आहे. कात्री चालते.

पट्टेरी कोंबानं एक धडाही दिला. एकाच कोंबात काही पेशी बदललेल्या, काही नाहीत. पीजीच्या कोंबांत हे डोळ्यांना दिसणार नाही.

17 डिसेंबर

'स्वाद'वर बैठक. सरांनी फळ्यावर लिहिलं: साखर, आम्ल, वास. स्ट्रॉबेरीच्या वासात साडेतीनशेहून जास्त द्रव्यं सापडलीत, पण नाकाला जाणवतात ती थोडी. फ्युरॅनिऑल, ज्याला करपत आलेल्या साखरेसारखा वास असतो. लिनालूल, फुलासारखं. गॅमा-डेकॅलॅक्टोन, पीचसारखं. शेवटचं द्रव्य बनायला एफएडी-वन नावाचं जनुक लागतं, आणि ते काही वाणांत असतं, काहींत मुळातच नसतं.

एमएस्सीच्या पोरीनं विचारलं, "मग ते चालू करूया ना?" नसलेलं चालू कसं करणार? आमची कात्री कापून बंद करते. एखादं जनुक दुसरं काही दाबून ठेवत असेल तर तो दाब काढता येतो, पण घरात नसलेलं भांडं फडताळ उघडून मिळत नाही. बाहेरून आणून बसवलं तर तो वेगळा प्रकार, वेगळा कायदा. तासभर बोलून फळ्यावरच्या 'वास'पुढं सरांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि चहा सांगितला. मला वाटतं प्रस्तावातला तो शब्द आपण उगाच घेतला.

11 जानेवारी 2025, भिलार

फळांचे नमुने आणायला पहाटे निघाले. वाईत गाडी बदलली, पसरणी घाटात बोटं काम करेनात. स्ट्रॉबेरी लावणाऱ्या आबांच्या रानात पोचले तेव्हा तोडणी सुरू झाली होती. सहा-सात बाया, मल्चिंग पेपरच्या दोन बेडांमधून वाकून चाललेल्या. फळाला हात न लावता देठ नखानं खुडतात आणि अलगद क्रेटमध्ये ठेवतात. मी दोन तोडली, दोन्हींवर बोटांचे ठसे. एक बाई हसल्या. "ताई, लहान पोराचा गाल धरतोय असं धरा. म्हंजी धरूच नका."

बघितलं तर सगळी फळं पाऊण लाल, खांद्याला पांढरी. पूर्ण लाल झालेली वेगळ्या टोपलीत, ती जॅमच्या कारखान्याला.

"आबा, ही अशी का तोडता?"

"आत्ता ही तोडली की उद्या पहाटं मुंबईत लाल दिसती. पुरी लाल तोडली तर मुंबईत पाणी दिसतं."

इथंच थांबून रसातली साखर मोजायचं ब्रिक्स मीटर काढलं. पाऊण लाल फळात 6 ते 7, पूर्ण लालमध्ये 8.5 ते 9.5. एकाच बेडवरची, एकाच पाण्याची फळं. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग चढतो, गोडी चढत नाही. झाडावरून सुटली त्या क्षणी साखर येणं बंद. म्हणजे मुंबईचं गिऱ्हाईक लाल रंग बघून घेतं आणि खाल्ल्यावर म्हणतं, दिसायला छान, चव नाही. त्यात वाणाचा दोष किती आणि तोडणीचा किती?

आबांना आकडे दाखवले. त्यांना मीटरची गरज नव्हती. "तुमी म्हंता कडक करू. कडक जाती काय कमी हायत? काकडीवानी कुरुम वाजत्यात. मला त्ये नगं. मला हीच जात दोन दिस जास्त झाडाव ठिवता आली पायजे. गोडी झाड दील."

मी वही काढून ते वाक्य तिथंच लिहिलं. सहा महिने 'स्वाद' आणि 'ताजेपणा' ही दोन वेगळी कामं समजत होतो. पूर्ण लाल फळ गाडीचा प्रवास सोसणार असेल, तर ते पूर्ण लाल झाल्यावर तोडता येईल. टणकपणा हाच गोडीचा रस्ता. वासाची द्रव्यंही शेवटच्या त्या दिवसांतच भरतात.

निघताना आबा म्हणाले, "पर एक सांगू? कडक झाली की यापारी म्हंल, आता ही दिल्लीला जाईल. आन् पुन्हा पाऊणच तोडा म्हंल."

घाट उतरेपर्यंत यावर काही सुचलं नाही.

15 जानेवारी

भिलारच्या फळांची चाचणी. डोळ्यांवर पट्टी बांधून होस्टेलच्या बारा मुली. त्याच दिवशीच्या फळांत अकरा जणींनी पूर्ण लाल निवडलं. खोलीत ठेवलेल्या फळांत तिसऱ्या दिवशी चित्र उलटं: पूर्ण लालची बुडं ओली, तीनवर करडी बुरशी, बोट्रायटिस. पाऊण लाल छान लाल दिसत होती आणि फिकी लागत होती. बारा मुली म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण वहीत राहू दे.

मोठ्या उत्साहानं सरांना 'दोन दिवस जास्त झाडावर' सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "1994. फ्लेव्हर सेव्हर टोमॅटो."

खरंच की. बाजारात आलेलं पहिलं जनुकीय बदलाचं फळ, त्यात हेच पॉलीगॅलॅक्टुरोनेज दाबलेलं, आणि जाहिरातही हीच: वेलीवर पिकलेला टोमॅटो. काही वर्षांत बाजारातून गेला. टोमॅटो कुजायला जास्त दिवस लागत, पण पिकलेला तोडून गाडीत रचण्याइतका टणक तो राहत नव्हता. शिवाय ज्या वाणात हे केलं त्याचीच चव बेताची. नंतर कळलं की टोमॅटोच्या मऊपणात पेक्टेट लायेज या दुसऱ्या एन्झाइमाचा हात मोठा आहे. स्ट्रॉबेरीत मात्र पीजी-वन बंद केल्याचा परिणाम चांगला दिसलाय, म्हणून आमची आशा टिकून आहे. पण भिलारच्या बांधावर मला जे सुचलं असं वाटलं, ते तीस वर्षांपूर्वी एका कंपनीला सुचलं होतं आणि त्यात ती हात पोळून घेऊन बसली, हे समजल्यावर दुपारचा डबा गोड लागला नाही.

एक बरं आहे. आम्ही वाण लोकांच्या आवडीचा घेतलाय.

7 फेब्रुवारी

तपासणीचा निकाल. विंटर डॉनचे कॅनामायसिनवर जगलेले 23 कोंब, त्यांतल्या नऊंमध्ये पीजीत बदल. बिनकॅनामायसिनच्या प्लेटांतले 146 कोंब एकेक करून तपासले. पीसीआरनं हवा तो डीएनएचा तुकडा वाढवायचा, जेलवर त्याची पट्टी, म्हणजे बँड, बघायची, पुन्हा पीसीआर. महिनाभर मी आणि ती पोरगी दुसरं काहीच करत नव्हतो. तिघांत बदल. त्यांतल्या दोघांत कात्रीच्या जनुकाचा बँड ठसठशीत. तिसऱ्यात, क्रमांक 47, नाही. पुन्हा लावला, नाही. वेगळ्या प्रायमरनं लावला, नाही.

ओरडायचं होतं, पण खाली परीक्षा चालू होती.

मग सविस्तर सिक्वेन्सिंग. 47 मधले वाचलेले 71 टक्के डीएनएचे तुकडे बदललेले, 29 टक्के मूळचे. म्हणजे एकतर आठांतल्या दोनेक प्रती कापायच्या राहिल्या, नाहीतर कोंब त्या पट्टेरी पानासारखा मिश्र आहे. दुसरं असेल तर उपाय आहे. 47 च्या पानांचे तुकडे करून त्यांतून पुन्हा कोंब काढायचे. प्रत्येक नवा कोंब थोड्याच पेशींतून येतो, कुठलातरी पूर्ण बदललेला निघेल. पहिलं असेल तर सप्टेंबरपासूनचं सगळं परत.

19 फेब्रुवारी

शिवजयंती, लॅब बंद. बातमी वाचली: इटलीत वेरोना विद्यापीठानं शार्डोने द्राक्षाच्या संपादित वेलींची शेतातली चाचणी लावली होती, तिची कुणीतरी नासधूस केली. त्या वेलींत बाहेरचा डीएनए अजिबात नव्हता. कात्रीचं प्रथिनच थेट पेशीत सोडून केलेलं काम ते. आम्हाला जमलं नाही ते. आण्णांना फोन केला. वेल कापले म्हटल्यावर बाकी काही न विचारता म्हणाले, "कापणाऱ्यानं एक तरी बाग लावली असंल का?"

28 मार्च

47 च्या तुकड्यांवर कोंब दिसायला लागलेत. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. उन्हाळा, एसी, वीज.

5 मे

काल दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. सांबा महसुरीतून डीआरआर धान 100, म्हणजे 'कमला', आणि एमटीयू 1010 मधून पुसा डीएसटी राइस 1. देशातली पहिली. सकाळपासून तीन जणांनी फोन करून विचारलं, "तुमचं कधी?"

भाताला बी आहे, असं प्रत्येकाला सांगत बसले. गैरसमज नको, मला आनंदच झाला. 2022 चा नियम कागदावरच राहणार असं वाटायचं, तो आता शेताच्या दिशेनं निघालाय. पण फळांचं गणित वेगळं आहे. बहुतेक फळझाडं कलमानं, काडीनं, रनरनं वाढतात, बी पेरून कात्री काढायची सोय नाही. शिवाय विंटर डॉन आमची नाही, फ्लोरिडात पैदास झालेली. उद्या सगळं जमलं तरी रोपं विकायची कुणी आणि कात्रीच्या पेटंटवाल्यांशी बोलायचं कुणी, हा विषय बैठकीत निघाला की सर चष्मा पुसायला घेतात.

दुपारी 47 च्या नव्या कोंबांचा निकाल. अठरा कोंब. बहुतेकांत अजून मूळचे तुकडे आहेत, कुठं दहा टक्के, कुठं चाळीस. दोघांत नाहीत. 47-2 आणि 47-11. एकही मूळचा तुकडा नाही, कात्रीचा बँड नाही. गाइडशी जवळपास जुळणाऱ्या इतर जागाही बघितल्या, तिथं काही हललेलं नाही.

या वेळी परीक्षा नव्हती.

9 जून 2025

यंदा पाऊस मेमध्येच उतरला, हवा दमट आहे ते हार्डनिंगला, म्हणजे बाटलीतल्या रोपांना बाहेरची सवय लावायला, बरंच झालं. 47-11 ला मुळंच धरली नाहीत. 47-2 ची पाच रोपं कुंड्यांत काढली होती, एक गड्ड्यात कुजलं. चार उरलीत. नेट हाउसमध्ये, दुहेरी दार, कुलूप, नोंदवही. सातव्या दिवशी प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. चौघींनी नवं पान काढलंय.

वर्षभराच्या कामाची ही चार रोपं, आणि फळ टणक येतं की नाही हे अजून कुणीच पाहिलेलं नाही.

आबा वाईला आले होते, तिथून मुद्दाम इकडं आले. जाळीबाहेरूनच बघितलं. एक रोप रानाच्या कोपऱ्यात लावू का, असं विचारलं. नाही म्हणावं लागलं, समितीचा कागद होईपर्यंत दाराबाहेर काहीच जाणार नाही. त्यांना राग आला नाही. "फूल कवा यील?" दिवस लहान झाल्यावर, थंडी पडल्यावर. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी दिवाळीच्या पुढं. तवर रनर खुडत ऱ्हावा, न्हाईतर झाडाची समदी ताकद त्यातच जाईल."

म्हटलं आबा, आम्हाला तर रनरच हवेत, चाराची चाळीस करायचीत.

जाळीला नाक लावून त्यांनी पुन्हा एकदा चारही कुंड्या बघितल्या. "मंग दोन तशी सोडा, दोन खुडा."

संध्याकाळी लेबलं लावली. दोन कुंड्यांवर 'रनर', दोनवर 'फूल'.